वेरावळहून आणलेला माणूस

रामू तांडेलांची पिस्ता रंगाची फियाट कधी चारोटीच्या पलीकडे गेली नव्हती. डहाणूच्या एका इराणी वाडीवाल्याकडून त्यांनी ती घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. चिकूच्या पेट्या वाहून वाहून मागच्या सीटचं कापड विरून गेलं होतं. रामूबाबांनी इंजिन उघडलं, दारांना नवं रबर लावलं, पत्र्याला रंग दिला आणि ओहोटीच्या वेळी वाळू कडक झाली की गाडी वाढवणच्या किनाऱ्यावर काढायला सुरुवात केली. तिथेच त्यांनी मुलीला, क्रांतीला, गाडी शिकवली. गिअर स्टेअरिंगच्या दांडीला, क्लच जड, ब्रेक दोनदा दाबावा लागायचा. मुलगी शिकली. लग्न गावातच झालं, त्यामुळे गाडीशी तिचं नातं तुटलं नाही.

रामूबाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. क्रांती पन्नाशीला टेकलेली. नवरा प्रविण बोटीवर, सुक्या मासळीचा धंदा तिच्या हातात. गाडी ती अधूनमधून चालू करून ठेवायची, बाजारापर्यंत न्यायची, पुसून पुन्हा माडाच्या झापांच्या छपराखाली लावायची. बाबा नेहमी म्हणायचे, एकदा हिला लांब न्यायची आहे. ते राहूनच गेलं.

उधव्याची सोनीबाई क्रांतीकडे सुकट आणि बोंबील घ्यायला यायची. टोपली भरून न्यायची आणि तिकडे डोंगराकडच्या बाजारात विकायची. तिचा नवरा काकड्या पावसाळ्यात घरचं भात लावायचा आणि पावसाळा सरला की वेरावळच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. तलासरीकडचे कितीतरी जण जातात. एका फेरीत त्याची बोट समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पकडली गेली आणि बोटीवरची माणसं कराचीच्या तुरुंगात जाऊन पडली. त्यावर चार पावसाळे गेले. सुरुवातीला कुणाकुणाकडून काही कळायचं, मग तेही थांबलं. सोनीबाई नवऱ्याचं नाव काढेनाशी झाली. क्रांतीनेही विचारायचं सोडलं.

त्या दिवशी सोनीबाई टोपली न घेताच आली. उन्हातून चालत आलेली, ओठ सुकलेले. क्रांती बांबूंवर बोंबील टाकत होती.

"क्रांतीबेन, माझा माणूस सुटला."

क्रांतीच्या हातातले बोंबील तिथेच राहिले. "काय म्हणालीस?"

"वेरावळच्या बोटीवाल्या शेठच्या मुनीमाचा फोन आला. म्हणाला, काकड्या लडक्या, तुमचा ना? सुटला. वेरावळला आणतायत, येऊन घेऊन जा." एवढं सांगून सोनीबाई खाली बसली आणि कुणीतरी अंगावर धावून आल्यासारखी दोन्ही हातांनी डोकं धरून राहिली. आनंद म्हणावा तर तिच्या चेहऱ्यावर आनंदाची खूण नव्हती. नुसती भेदरली होती.

तिचा दीर संदीप वापीला कंपनीत कामाला. त्याला रजा नव्हती, आणि ती एकटी रेल्वेने एवढ्या लांब कधी गेली नव्हती. क्रांतीच्या तोंडून विचार करायच्या आधीच निघून गेलं, "आपण गाडी घेऊन जाऊ."

प्रविणने ऐकलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "ती गाडी अच्छाड नाका ओलांडेल का याची खात्री नाही, आणि तू वेरावळला निघालीस?"

"बाबा म्हणायचे, जाईल."

"बाबा म्हणायचे. नेली होती का कधी?"

पण जेवण होताच तोच उठला. फॅनबेल्ट बदलला, रेडिएटरचे पाइप बघितले, डिकीत पाण्याचे कॅन भरून ठेवले, प्लग साफ केले. मग हात पुसत म्हणाला, "चढावर दामटू नकोस. काटा वर गेला की बाजूला घे आणि बॉनेट उघडून गप्प बस."

उधव्याला पाड्यातली सगळी माणसं गाडीभोवती जमली होती. काकड्याची आई ठकी हिला आता डोळ्यांनी धूसर दिसायचं. तिने गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि नातवंडांना विचारलं, कसला रंग? मग कापडात बांधलेल्या नाचणीच्या भाकऱ्या आणि तलासरीच्या बाजारातून आणलेला नवा शर्ट सोनीबाईच्या मांडीवर ठेवला. लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट. म्हातारीने त्याची कॉलर बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपली होती. "त्याला घालूनच आण," ती म्हणाली. "जुन्या कपड्यात नको आणू."

मग हायवे लागला. अच्छाड मागे पडलं, वापीच्या कंपन्यांचा वास आला, वलसाड गेलं, आणि फियाट चालतच राहिली. मोठमोठे ट्रेलर तिला हॉर्न देत पुढे जायचे. पेट्रोल पंपावर माणसं गोळा व्हायची. "बेन, वेचवानी छे?" गाडी विकायची का, असं एकाने विचारलंसुद्धा. क्रांती हसून नाही म्हणाली. कोपऱ्याची छोटी काच तिरपी करून सोनीबाईने वारा अंगावर घेतला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्याला मी ओळखू येईन का? माझे पुढचे दात गेले."

"त्याचेही गेले असतील," क्रांती म्हणाली. यावर सोनीबाई तोंडावर पदर घेऊन इतकं हसली की शेवटी तिला रडू आलं.

भरूचला नर्मदेचा पूल ओलांडल्यावर काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघायला लागली. गाडी बाजूला घेऊन दोघी बाभळीच्या सावलीला बसल्या. इंजिन निवल्यावर पाणी भरलं. त्या रात्रीचा मुक्काम भावनगरच्या अलीकडे एका धर्मशाळेत झाला. दुसऱ्या दिवशी महुवा, उना करत समुद्राकाठच्या रस्त्याने त्या वेरावळला पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. मासळीचा वास आला आणि क्रांतीला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मुनीमाची खोली बंदराजवळ होती. पुढच्या अंगणात जाळ्यांचे ढीग होते आणि भिंतीकडेच्या बाकावर काही माणसं बसली होती. केस बारीक कापलेली, अंगावर एकसारखे नवे कपडे, प्रत्येकाच्या पायाशी एक पिशवी. कुणाची बायको, कुणाचा भाऊ आला होता. कुणी रडत होतं, कुणी फोनवर बोलत होतं. मुनीम चष्मा कपाळावर ढकलून उठला.

"आवो बेन, आवो. आ तमारो काकड्यो," तो म्हणाला आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे त्याने हात केला.

सोनीबाई लगबगीने पुढे झाली. माणसाने मान वर केली. सोनीबाई जागच्या जागी थांबली.

क्रांतीला वाटलं, लाजली. इतक्या वर्षांनी नवरा समोर, चार परके बघतायत, कुणीही थांबेल. तिने मागून हलकेच ढकललंही. "जा गं."

"हा नाय," सोनीबाई म्हणाली.

"काय?"

"हा माझा नाय." तिचा आवाज इतका साधा होता की बाजारात दुसऱ्याच्या टोपलीला चुकून हात लागल्यावर माणूस बोलेल, तसा.

आपण काही चुकीचं ऐकलं असं क्रांतीला वाटलं. तिने त्या माणसाकडे पाहिलं. तिशीतला, बारीक, गालफडं बसलेली. काकड्या चाळिशीच्या पुढचा, आडव्या हाडाचा. क्रांतीने त्याला आपल्या ओट्यावर बसून चहा पिताना पाहिलं होतं. हा तो नव्हता. कितीही वाळला असता, तरी हा तो नव्हता.

"अरे, पण नाव तेच आहे," मुनीम म्हणाला. "काकड्या लडक्या. विचारा त्याला."

"कुठला तू?" क्रांतीने विचारलं.

माणूस उभा राहिला होता. घाबरून तो तिघांकडे पाळीपाळीने बघत होता. "रानशेतचा. डहाणूजवळचं रानशेत. नाव काकड्या. बापाचं लडक्या."

सोनीबाईच्या सासऱ्याचंही नाव लडक्याच. मुनीमाला वरून फोन आला, त्याने नाव ऐकलं, आपल्या बोटीवर याच नावाचा खलाशी होता हे त्याला आठवलं आणि त्याने आनंदाच्या भरात उधव्याला फोन लावला. गाव विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. रानशेतच्या काकड्याची बोट दुसऱ्याच शेठची, आणि तो शेठ मधल्या काळात वारला होता. म्हणजे याच्या घरी कुणाला काही कळवलंच नव्हतं.

क्रांतीचा राग उसळला. "अहो, बाई दोन दिवस गाडीत बसून आली! घरी म्हातारी वाट बघतेय! एक शब्द जास्त विचारला असता तर जीभ झडली असती का तुमची?" मुनीमाने हात जोडले. तोही पांढराफटक पडला होता. त्याने सोनीबाईसाठी पाणी मागवलं, मग चहा मागवला.

सोनीबाई जाळ्याच्या ढिगावर बसली होती. पाणी तिने घेतलं नाही. तिचे डोळे कोरडे होते. रानशेतचा काकड्या तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"तुम्ही सोनीवहिनी?" त्याने हळूच विचारलं.

तिने मान वर केली.

"उधव्याच्या ना? मोठ्या काकड्याच्या?" तो भरभर बोलायला लागला. "तिथं आम्हाला दोघांना तसंच म्हणतात. तो मोठा, मी धाकटा. एकाच बराकीत होतो. माझं नाव पुकारलं त्या दिवशी तोच मला उठवायला आला. वहिनी, तो जिवंत आहे."

सोनीबाईने त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तो कळवळला. पण त्याने हात सोडवून घेतला नाही.

"तू बघितलास?"

"माझ्या शेजारी झोपायचा. मण्यांचं काम शिकलाय, माळा करतो. दाढ दुखते त्याची सारखी, गाल धरून बसतो आणि सगळ्यांवर खेकसतो. बाकी बरा आहे."

"दाढ," सोनीबाई म्हणाली. "डावी?"

"डावीच."

"ती इथं असतानाच दुखायची. काढ म्हटलं तर काढली नाय." आणि तेव्हा तिचा बांध फुटला. त्या परक्या माणसाचं मनगट धरून ती हमसून हमसून रडली. क्रांती तिच्यामागे उभी होती, आणि आपलेही गाल ओले झालेत हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मुनीम म्हणाला की याला दोन-चार दिवसांत कुठल्यातरी टेम्पोत बसवून देतो. सोनीबाईने नाक पुसलं, उठली आणि त्याच्या पायाशी असलेली पिशवी उचलली.

"कशाला टेम्पो? गाडी रिकामीच जातेय," ती म्हणाली. "चल भावा."

परतीचा रस्ता क्रांतीला नीट आठवत नाही. तिच्या डोक्यात सारखं एकच घुमत होतं, की उधव्याला काय सांगायचं. संदीपचे फोन येत होते. पहिला सोनीबाईने उचलला. पलीकडून आवाज आला, "वहिनी, दादाला दे ना फोन!" तिने फोन बंद करून पिशवीत टाकला.

"सांगून टाक की," क्रांती म्हणाली.

"फोनवर नाय. म्हातारी मरेल."

पहाटे धर्मशाळेतून निघताना गारठा होता. मागच्या सीटवर धाकटा काकड्या हात काखेत घालून कुडकुडत होता. त्याच्या अंगावरचा सुती सदरा पातळ होता. सोनीबाईने मांडीवरचा शर्ट थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग न बघताच मागे दिला. "घाल."

"वहिनी, हा नको."

"घाल म्हणते ना."

तलासरीच्या नाक्यावर क्रांतीने गाडी कडेला घेतली. एक रस्ता उधव्याला, दुसरा सरळ चारोटीकडे आणि तिथून रानशेतला. "आधी याला घरी सोडूया का?" तिने विचारलं. खरं तर तिला उधव्याला जायची भीतीच वाटत होती.

बोलला तो मागचा माणूस. "आधी उधव्याला चला. आईला मी सांगतो. डोळ्यांनी मीच बघितलाय त्याला. तुम्ही सांगून तिला खरं वाटायचं नाही."

इतक्या वर्षांनी हा माणूस आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर येऊन पोचला होता, आणि तरी तो म्हणत होता की आधी तिकडे. क्रांतीने आरशात त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी उधव्याकडे वळवली.

पाड्यावर गाडीचा आवाज पोचला तशी पोरं धावत आली. मागोमाग माणसं. कुणीतरी तारपा फुंकायला घेतला. दारात आंब्याचे डहाळे लावले होते. क्रांतीने इंजिन बंद केलं, आणि ती सोनीबाईला खाली उतरायला सांगणार तेवढ्यात मागचं दार उघडून तो माणूस उतरला. गर्दीतून वाट काढत ठकी पुढे आली. धूसर डोळ्यांना माणूस दिसला नाही, पण लाल-काळे चौकडे दिसले. तिने शर्टाची कॉलर धरली आणि त्याला छातीशी ओढलं.

"आला गं! माझा आला!"

जे काकड्याला ओळखत होते ते सगळे त्या परक्या तोंडाकडे बघत राहिले होते. तारप्याचा आवाज मध्येच तुटला. वापीहून आलेला संदीप पुढे येता येता थबकला आणि त्याने वहिनीकडे पाहिलं. सोनीबाई गाडीचं दार धरून उभी होती. म्हातारी त्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि फिरवता फिरवता तिचा हात मंदावला. पाठ ओळखीची नव्हती. तिने त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी.

"कोण आहेस तू?"

"आई, मी रानशेतचा," तो म्हणाला. त्याने तिचे हात सोडले नाहीत. "नाव माझं काकड्याच. माणसांची गफलत झाली. पण तुझा जिवंत आहे. मी त्याच्या शेजारी झोपलोय. तुझं नाव ठकी, तू मोहाची फुलं भाजून द्यायचीस त्याला. तो सांगायचा. जिवंत आहे, आई."

ठकी धपकन खाली बसली. बायकांनी तिला सावरलं. संदीप एकदम ओरडला, "आणि तू कशाला आलास इथं? त्याचा शर्ट काढ आधी!" माणसांनी त्याला मागे ओढलं. धाकटा काकड्या खरंच बटणं काढायला लागला होता. म्हातारीने जमिनीवरूनच हात हलवला.

"राहू दे," ती म्हणाली. "बस इथं. मला सगळं सांग. काय खातो? कुठं झोपतो? थंडीचं काय पांघरतो?"

तो बसला आणि सांगत राहिला. पाडा त्याच्याभोवती दाटीने बसला. संदीप भिंतीला टेकून उभा राहिला होता. मग तोही येऊन बसला.

रानशेतला जायला संध्याकाळ झाली. सोनीबाई घरी थांबली नाही. तीही पुढच्या सीटवर येऊन बसली. चारोटीहून डहाणूकडे वळल्यावर मागच्या माणसाचं बोलणं बंद झालं. फक्त "इथून डावीकडे" एवढंच. घर झाडांमागे होतं. अंगणात एक बाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. फियाट थांबली तशी तिने त्रासिक तोंडाने पाहिलं. सर्व्हेवाले नाहीतर वाढवणच्या नव्या बंदराच्या कामाचे कुणी आले असतील असं तिला वाटलं असावं.

"कोण पाहिजे?" तिने विचारलं.

तिचा नवरा गाडीजवळ उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, नजर वळवली, आणि पुन्हा पाहिलं. सूप हातातच होतं. ती त्याच्याकडे गेली नाही. त्याला ओलांडून सरळ क्रांतीसमोर आली आणि तिच्या दंडाला धरून कुजबुजत म्हणाली, "बाई, हा खरा आहे का?"

"खरा आहे," क्रांती म्हणाली.

"जिवले," तो मागून म्हणाला.

नाव ऐकलं मात्र, जिवली मटकन खाली बसली. तांदूळ अंगणभर उधळले, कोंबड्या धावल्या. ती रडत नव्हती, हसत नव्हती, थंडीत भिजल्यासारखी नुसती दातावर दात आपटत होती. सोनीबाईने जाऊन तिला मागून धरलं, थेट आपल्या अंगाशी, आणि धरून ठेवलं. "उठ गं," ती म्हणत राहिली. "उठ, तो उभा आहे. दमून आलाय." तिचा स्वतःचा चेहरा क्रांतीला दिसला नाही, आणि बघायचा धीरही तिला झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काही माणसं सुटली. सोनीबाईला फोन आला तेव्हा ती क्रांतीच्याच ओट्यावर होती. अनोळखी नंबर बघून तिने फोन क्रांतीकडे सरकवला. क्रांतीने तो मोठ्या आवाजावर लावून मध्ये ठेवला.

"हॅलो, मी बोलतोय. सरहद्द पार केली, अमृतसरला आहे."

"मी कोण?" सोनीबाईने विचारलं.

"अगं, मी. काकड्या."

"काकड्या पुष्कळ आहेत." तिचा आवाज कडक होता, पण बोटांनी तिने ओट्याची कड धरली होती. "आपल्या घरामागं झाड कसलं आहे, सांग."

पलीकडे गाड्यांचा गोंगाट ऐकू आला. मग माणूस वैतागून म्हणाला, "झाड कसलं? घरामागं तुझ्या बापानं बांधलेलं कोंबड्यांचं खुराडं आहे. वाकडं. आणि माझी दाढ दुखतेय, लवकर बोल."

सोनीबाईने ओट्याची कड सोडली आणि हात स्वतःच्या डाव्या गालाला लावला. क्रांतीने तिच्याकडे पाहिलं तर तिचं तोंड उघडं, नजर समोर समुद्रावर. फोनमधला माणूस हॅलो, हॅलो करत राहिला.